वरातीमागून हनिमून

३ फेब्रुवारी, मंगळवार

धाकटी नणंद येते म्हणाली! एप्रिलमध्ये, चांगले सात दिवस. फोनवर तीन-तीनदा विचारून घेतलं — नक्की ना? मागाहून काही निघणार नाही ना? नक्की गं वहिनी, म्हणाली, आता तरी जाऊन या दोघं कुठंतरी. फोन ठेवला आणि तशीच बसून राहिले. आनंदाने उडी मारायला हवी होती. त्याऐवजी मनात पहिलं काय आलं, तर हिला आईंची कूस बदलता येईल का?

यांना सांगितलं. हे बेसिनपाशी ग्रीसचे हात धूत होते. लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या माणसाचे हात कधी पुरते स्वच्छ होतच नाहीत. "बरं झालं," म्हणाले. मग हात पुसता पुसता, "कुठं जायचं ते तुम्ही ठरवा."

तुम्ही! लग्नाला चार वर्षं व्हायला आली आणि नवरा मला तुम्ही म्हणतो. मीही त्यांना तुम्हीच म्हणते. बाहेरच्या माणसाला वाटावं, बँकेत शेजारच्या टेबलांवर बसतो.

४ फेब्रुवारी

पानावर मांडून ठेवते, म्हणजे डोक्यातला गुंता जरा सुटेल. लग्न झालं तेव्हा मी अडतीसची, हे बेचाळीसचे. दोघांचंही पहिलंच. ओळखीतून स्थळ आलं, चारदा भेटलो, चारही वेळा 'तुम्ही घ्या', 'नाही, आधी तुम्ही घ्या'. हनिमूनला परदेशी जायचं हे मात्र पक्कं होतं. हे म्हणाले होते, तिकडे गेलो की अरे-तुरे सुरू करू, इथं आईसमोर माझी जीभ वळणार नाही. मला ते तेव्हा फार गोड वाटलं होतं. लग्नाच्या अठराव्या दिवशी आईंना झटका आला. विमान विसाव्या दिवशीचं होतं. बॅगा भरून दाराशी ठेवलेल्या होत्या.

आईंची उजवी बाजू गेली आणि बोलणं गेलं. एक शब्द तेवढा उरला — पुरे. पाणी हवं तरी पुरे, थंडी वाजली तरी पुरे, मुलाला बघून बरं वाटलं तरी पुरे. डॉक्टर म्हणाले, असं होतं, एखादाच शब्द अडकून राहतो. त्यांना समजतं सगळं, तोंडातून निघत नाही.

मला मात्र त्यांचे सगळे पुरे कळतात. एकोणीस प्रकार आहेत, मी मोजलेत. लांबवलेला आणि शेवटी उतरता — कूस बदल. मधेच तुटलेला — पाणी. नाकातून आलेला — पंखा बंद कर. यांना चारच ओळखता येतात. पोटचा मुलगा असून!

तर हे असं. अरे-तुरे राहिलं ते राहिलंच. आमचं सगळं बोलणं आईंच्या पलंगाच्या अल्याड-पल्याड. गोळी दिली का, झोप लागली का, पोट साफ झालं का. एक कामावरून आला की दुसऱ्याने जायचं. नवरा-बायको कमी आणि दोन पाळ्यांतले कामगार जास्त! या सात दिवसांत एकदा कळेल, आमचं लग्न झालंय की नुसती ड्यूटी लागलीय. मला ते कळायला हवंय. आणि कळायची भीतीही वाटते.

८ फेब्रुवारी, रविवार

हॉटेलात आज तीन हनिमून सेटअप. मी लिननवाली, म्हणजे चादरी, अभ्रे, टॉवेल माझ्याकडून जातात आणि माझ्याकडेच परत येतात. टॉवेलचे हंस करायचे, चोचीला चोच लावून पलंगावर बसवायचे, भोवती पाकळ्या. लोकांना वाटतं, काय ती हौस! पाकळी अंगाखाली चिरडली की चादरीवर तपकिरी डाग पडतो, आणि तो जाता जात नाही. अकरा वर्षांत पाकळ्यांनी माझ्या जितक्या चादरी खाल्ल्या तितक्या चहा-कॉफीने खाल्ल्या नाहीत. आणि हंस तर बहुतेक वेळा तसेच परत येतात, ओल्या टॉवेलांच्या ढिगाखाली, मान मुरगळलेले.

रोलरवर चादरी इस्त्रीला घालणाऱ्या मावशींना आज सांगून टाकलं. त्यांनी रोलरच थांबवला. "वरातीमागून घोडं ऐकलं होतं बाई, वरातीमागून हनिमून आजच ऐकते!" सगळ्या हसल्या. मीही हसले, न हसून करते काय? मग चादरीची दोन टोकं माझ्या हातात देता देता मावशी हळूच म्हणाल्या, जाऊन ये, पण फार आशा ठेवू नको. तीस वर्षं इथं बघतेय, माणसं घरून जशी येतात तशीच परत जातात.

१२ फेब्रुवारी

आज दोघांनी अर्धा दिवस काढला, आईंजवळ शेजारणीला बसवलं आणि ट्रॅव्हल कंपनीत गेलो. टाय लावलेले एक गृहस्थ होते, फार आदबशीर. "सर-मॅडम, न्यूली मॅरिड?" यांनी 'हो' म्हटलं आणि मी 'नाही' म्हटलं. एकाच वेळी!

टायवाल्याने 'रिलॅक्सिंग हनिमून' नावाचं जाडजूड पुस्तक पुढे केलं. छत्री बांधून समुद्रावरून उडायचं. बोटीतून मासे बघायचे. जोडीने मालिश. सकाळी सहाला अमुक, आठला तमुक. ही विश्रांती! मी म्हटलं, काहीही करायला लागणार नाही असं ठिकाण दाखवा. त्याला कळेना. म्हटलं, सकाळी कुणी उठवू नये, दिवसभर कुणी काही मागू नये, आणि काही ऐकू आलंच तर पाण्याचा आवाज यावा. बस्स.

त्याने बराच वेळ पानं उलटली आणि शेवटून दुसऱ्या पानावर थांबला. एक छोटं बेट. चौदा बैठी घरं, गाडी नाही, गाणी नाहीत. "मॅडम, आधीच सांगतो, इथं लोक दुसऱ्या दिवशी कंटाळतात." मी म्हटलं, हेच.

यांनी तेवढ्यात विचारलं, तिथून हॉस्पिटल किती लांब आहे? टायवाला म्हणाला, का सर, कुणाला काही त्रास आहे? हे माझ्याकडे बघायला लागले. आई बरोबर येणार नाहीत हे बहुतेक त्या क्षणीच त्यांच्या डोक्यात शिरलं असावं. मग म्हणाले, नाही नाही, सहज विचारलं.

१३ फेब्रुवारी

चौदा घरं, गाडी नाही, गाणी नाहीत. — आईंना जुलाब. सकाळपासून चार चादरी.

२१ फेब्रुवारी

यांना रजा मिळाली. मिळाली खरी, पण कशी! अर्जात 'कारण' या रकान्यात यांनी 'आईची तब्येत' लिहिलं. मुद्दाम नव्हे. चार वर्षं प्रत्येक अर्जात तेच लिहितात, हात आपोआप गेला. साहेबांनी लगेच सही केली, वर पाठीवर हात ठेवून विचारलं, सात दिवसांत भागेल ना? यांनी मान हलवली.

मी म्हटलं, उद्या जा आणि खरं सांगा. "काय सांगू? हनिमूनला चाललोय म्हणून?" शेहेचाळीस वर्षांच्या माणसाचे कान लाल झाले. मला हसूही आलं आणि संतापही. आईंच्या तब्येतीमागे लपायची यांना इतकी सवय झालीय, की आता लपतोय हेही त्यांना कळत नाही. पण मी तरी कुठं वेगळी आहे? कुणाच्या घरी जायचं जिवावर आलं, की माझंही तेच कारण असतं.

२३ फेब्रुवारी

नको तेच झालं. यांच्या कामावरचे तिघे आईंना बघायला आले! न कळवता, संत्री घेऊन, सुतकी चेहऱ्याने. बाहेरच्या खोलीत मी खरेदीची पिशवी उघडी टाकलेली. खुर्चीच्या पाठीवर माझा पोहायचा नवा पोशाख, आणि त्यावर यांची उन्हाची टोपी. हे दारातच आडवे उभे राहिले, जणू त्यांच्याच अंगाने सगळी खोली झाकली जाणार होती. तिघांतल्या वडीलधाऱ्याने टोपीकडे पाहिलं, पोशाखाकडे पाहिलं आणि छताकडे बघत आत गेला.

आईंना माणसं आवडतात. तिघांना बघून त्या खुलल्या आणि म्हणाल्या, "पुरे." हा अकरावा — या, बसा, बरं वाटलं. त्या माणसांना वाटलं, म्हातारी जिवाला कंटाळली. एकाचे डोळे भरून आले. "असं म्हणू नका आई," म्हणाला. आईंनी आणखी आनंदाने, "पुरे, पुरे!" दहा मिनिटांत तिघेही उठले.

ते गेल्यावर मी भिंतीला टेकून डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसले. वाटलं, हेही हसतील. फसवलं आपण त्यांना, एवढंच म्हणाले आणि संत्री मोजून टोपलीत ठेवली. मग म्हणाले, रजा रद्द करतो. मी म्हटलं, करा. केली नाही.

१ मार्च, रविवार

आज रंगीत तालीम. माझीच कल्पना. शेजारच्या निवृत्त नर्सबाई दोन तास आईंजवळ बसल्या आणि आम्ही दोघं बाहेर जेवायला गेलो. यांनी शर्टाला स्वतः इस्त्री केली. मी कानात काहीतरी घातलं. वाटेत हे म्हणाले, आज सुरू करून बघायचं का ते? कोणतं ते मला लगेच कळलं. म्हटलं, बघू या.

बसलो. वेटर आला. यांनी मेनूकार्डात डोकं घातलं, घसा खाकरला आणि म्हणाले, "तू... काय घेणार?"

वेटर म्हणाला, "मी नाही घेत साहेब, तुम्ही सांगा."

काय हसलो! दोघंही. मला वाटलं, सुटलो बाई, जमणार आहे आपल्याला. चार मिनिटं अगदी छान गेली.

मग सूप आलं. हे म्हणाले, आईला आवडलं असतं. मी म्हटलं, मीठ जास्त आहे त्यांना. मग पाठीवरची जखम, मग मलम बदलावं का, मग हवेची गादी. वीस मिनिटं! शेवटी मीच म्हटलं, आता आईंबद्दल काही बोलायचं नाही. हे म्हणाले, बरोबर आहे. आणि गप्प बसले. मीही गप्प. मी मनात विषय शोधायला लागले, अगदी खरोखर शोधायला लागले, परीक्षेत न आठवणारं उत्तर शोधावं तसं. यांना कोणता रंग आवडतो? लहानपणी कुठल्या शाळेत होते? विचारता आलं असतं. पण सूप पीत पीत नवऱ्याला शाळा कुठली ते विचारायचं, म्हणजे पाहुण्यासारखं वाटलं. हे समोरच्या इमारतीतल्या लिफ्टचा दिवा वर-खाली जाताना बघत होते. मी नॅपकिनची शिवण बघत होते. उसवलेली होती.

चाळीस मिनिटं आधीच घरी परतलो. आई झोपल्या होत्या. हे पलंगापाशी जाऊन उभे राहिले आणि त्यांचे खांदे सैल पडले. माझेही. आम्हा दोघांनाही एकदम हायसं वाटलं, ते मी कपाटाच्या आरशात पाहिलं. तेव्हा खरी घाबरले.

२ मार्च

दोन तास काढता आले नाहीत. तिकडे सात दिवस!

९ मार्च

नणंदेसाठी वही करायला घेतली. डाव्या पानावर पुरे कसा, उजव्या पानावर त्याचा अर्थ. लिहायला बसल्यावर कळलं, किती अवघड आहे. 'लांब' म्हणजे किती लांब? सातवा आणि बारावा यांत फरक फक्त भुवईचा. भुवई कशी लिहायची? तरी लिहिलं. सहा पानं झाली. लिहिताना अभिमान वाटत होता, खोटं कशाला बोलू. चार वर्षांत मी दुसरं केलंय काय? हे एक मला येतं. जगात आणखी कुणालाही येत नाही.

पहिल्या वर्षी बोलणं शिकवणारी एक बाई यायची, आठवड्यातून दोनदा. आईंसमोर पाण्याचा पेला धरायची आणि दोन-दोन मिनिटं द्यायचीच नाही. आधी म्हणा, 'पा'. आई बिचाऱ्या पुरे-पुरे करून घामाघूम. मला बघवेना. त्यांना तहान लागलीय हे दिसतंय ना, मग द्या की! महिन्याभरात मीच तिला नको म्हणून सांगितलं. हे तेव्हाही काही बोलले नाहीत.

१८ मार्च

व्हिसा आले. फोटोत यांचे डोळे अर्धे मिटलेले आणि मी कुणाचीतरी चूक पकडल्यासारखी. शोभतोय जोडा!

२४ मार्च

नणंदेचा फोन. सातच्या ऐवजी चार दिवस चालतील का? तिच्याकडे रंगकाम निघालंय म्हणे. वर सल्ले — आईला रोज उन्हात बसवत जा, जरा बोलतं ठेवत जा. उंटावरून शेळ्या हाकायला हिला काय जातं? मी बरंच सुनावणार होते. प्रत्यक्षात काय म्हणाले? "नाही जमलं तर राहू दे गं. नंतर कधीतरी जाऊ."

माझाच आवाज होता तो! आणि किती हलकं वाटलं म्हणून सांगू. पाठीवरचं पोतं उतरावं तसं. नणंद बिचारी ओशाळली — नाही नाही वहिनी, करते काहीतरी, येते सातही दिवस. परत पोतं पाठीवर.

आता कुणावर ढकलू? आजवर म्हणत होते, हे हलत नाहीत, नणंद येत नाही, आईंना सोडवत नाही. दात होते तेव्हा चणे नव्हते. आता चणे समोर आलेत आणि मीच तोंड मिटून बसलेय. मला जायचंच नाहीये. एकटं त्या माणसाबरोबर राहायची मला भीती वाटते, आणि तो माणूस माझा नवरा आहे, वाईट नाही, कधी आवाज चढवून बोलला नाही. हे कुणाला सांगणार? सांगितलं तर म्हणतील, सुख दुखतंय हिला.

५ एप्रिल, रविवार

बॅग भरताना यांनी विचारलं. माझ्याकडे न बघता, मोज्यांच्या गुंडाळ्या करत.

"तुम्हाला यायचं नसेल तर सांगा. मी रागावणार नाही."

"तुम्हाला जायचंय?"

त्यांनी आणखी एक जोडी गुंडाळली. मग म्हणाले, "तिथं सगळी बैठी घरं आहेत. एकही लिफ्ट नाही. मी तिथं करू काय?"

मला वाटलं, थट्टा करताहेत. चेहरा बघितला तर थट्टा नव्हती. या माणसाला बिघडलेलं काही दिलं की तो नीट असतो. धडधाकट दिवस त्याच्या हातात द्या, तो घाबरतो. मी म्हटलं, काही करायचं नसतं हो, बसायचं असतं. "हां," म्हणाले, आणि माझ्या बॅगेची अडकलेली चेन काढून, तेल घालून, परत बसवून दिली. चेन मुळात फारशी अडकत नव्हती.

८ एप्रिल

नणंद आली. आल्या आल्या आईंच्या गळ्यात पडून रडली. मग जेवण भरवायला बसली. दोन घास झाल्यावर आई म्हणाल्या, "पुरे," तर हिने ताट उचललं! मी धावले. अगं, तो तिसरा, म्हणजे भात मऊ कर आणि दे! नणंद म्हणाली, मला तर पुरे म्हणजे पुरेच ऐकू आलं. आई माझ्याकडे बघत होत्या, सुटकेसाठी बघावं तसं. वही तिच्या हातात दिली. पहिलं पान वाचलं तिने, मग दुसरं, मग म्हणाली, वहिनी, हे मला या जन्मात जमायचं नाही. पण तू जा. उपाशी नाही ठेवणार मी माझ्या आईला.

रद्द करावं का? यांना विचारलं. तुम्ही म्हणाल तसं, म्हणाले.

१० एप्रिल

निघालो. आईंच्या पाया पडले. त्यांनी डावा हात माझ्या मनगटावर ठेवला आणि म्हणाल्या, "पुरे."

तो कुठला ते मला कळलं नाही. एकोणिसांत नव्हता. खाली टॅक्सीवाला हॉर्न वाजवत होता. विमानात दोन तास मी तोच मनात म्हणून बघत होते, यांना म्हणूनही दाखवला. यांना काय कळणार!

१२ एप्रिल

जसं मागितलं होतं अगदी तसंच आहे. पाणी, वाळू, आणि पाण्याचा आवाज. कुणी उठवत नाही. तरी सकाळी सहाला दोघंही टक्क जागे, कूस बदलायची वेळ. उठून बसलो आणि कुणाची कूस बदलायची ते कळेना.

पलंगावर हंस होते. चोचीला चोच. घडी बरोबर नव्हती, मी उलगडून नीट करून ठेवले. पाकळ्या आधीच गोळा करून खिडकीत ठेवल्या, तिथल्या लिननवालीची दया आली म्हणून.

पहिल्या दिवशी आईंबद्दल बोललो. काल दुपारपर्यंत तेही संपलं. हे काल समुद्राच्या कडेने चालत गेले आणि तासाभराने आले. म्हणाले, पलीकडे एक पाण्याचा पंप आहे, आवाज बरोबर येत नाही त्याचा. मी म्हटलं, हो का. मग आम्ही दोन वेगवेगळ्या खुर्च्यांवर बसून सूर्य मावळताना बघितला. रोलरवरच्या मावशी म्हणाल्या ते खरंच आहे. घरून जसे आलो तसेच इथं बसलोय. फक्त मधे पलंग नाही, म्हणून दोघांमधलं अंतर स्पष्ट दिसतं.

इथं कुणीही मला हाक मारत नाही. मी याच्यासाठीच आले होते ना? मग अशी बिनकामाची का वाटते?

१३ एप्रिल

आज जेवणापर्यंत तीन वाक्यं. तिन्ही जेवणाबद्दल. 'तू' कुणीच म्हणालं नाही, आणि कुणी आठवणही करून दिली नाही.

संध्याकाळी हे पंप दुरुस्त करायला गेले. येताना शीळ घालत आले! चार वर्षांत मी यांची शीळ ऐकली नव्हती. पण ती काही माझ्यासाठी नव्हती.

१४ एप्रिल

नणंदेचा फोन. रडत होती. मला वाटलं, संपलं.

"वहिनी, आई बोलली! परवा 'पाणी' म्हणाली. काल 'उशी'. आज सकाळी मला म्हणाली, 'भात गरम'. पहिले दोन दिवस नुसती रडारड, तिचीही आणि माझीही. मला तिचं काही कळेचना ना, मग बोलावंच लागलं तिला." मागून आईंचा आवाज येत होता. घोगरा, अडखळत, पण पुरे नव्हे. कुठलातरी दुसराच शब्द होता.

म्हणजे चार वर्षं मी त्यांना मागूच दिलं नाही. तहान लागायच्या आत पेला. शब्द जिभेवर यायच्या आत मी तो ओळखायचे, आणि वर मोजून ठेवायचे. मीच त्यांना मुकं ठेवलं. आणि मग ते मुकेपण आमच्या दोघांमधे ठेवून मी चार वर्षं यांना दोष देत बसले.

नणंद म्हणाली, "दादाला दे ना फोन, त्याला ऐकवते." मी म्हटलं, अंघोळीला गेलेत.

हे समोरच बसले होते, वाळूत, दहा पावलांवर.